उठवणीचा ठेका

गाणं गाजायला लागलं तेव्हा बंगळूरला आमच्या रॉक बँडमधले सगळे खुशीत होते. मी मात्र फोन वाजला की दचकत होतो.

मी ड्रम वाजवतो. नववीत शाळा सोडली, पोलादपूरहून निघालो आणि इथे एका साउंडवाल्याकडे स्पीकर उचलायला लागलो. रिकाम्या वेळी ड्रमवर हात चालवताना गायिकेनं ऐकलं, बँडमध्ये घेतलं. मार्कशीट कुणी मागितली नाही. हे मी विसरत नाही, म्हणून तिला नाही म्हणणं मला जमतच नाही.

रेकॉर्डिंगला ते गाणं काही केल्या उठेना. सूर बरोबर, ठोके बरोबर, तरी बसून राहिल्यासारखं. सगळे वैतागले. मी घाबरलो की माझे हात आपोआप चालतात. मोठ्या ड्रमवर एक ठेका पडला आणि ती काचेपलीकडून ओरडली, "रुक मत! यही चाहिए!"

तो ठेका माझा नव्हता. शिमग्यात आमच्या वाडीत पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या विसाव्याच्या दगडावर टेकते. ती पुन्हा उचलताना ढोलावर तो वाजतो. उठवणी म्हणतात त्याला. नारळ फुटल्यावर, अनवाणी उभं राहून वाजवायचा. एरवी मांडीवर बोटांनीसुद्धा नाही. ऐकला की बसलेला माणूस उठून हात जोडतो. ढोलाचा मान आमच्या घराकडे, आजोबांनंतर बाबांकडे.

मी तिला सांगितलं, हा देवाचा ठेका आहे.

"फिर तो अच्छा ही है," ती म्हणाली आणि मी वाजवला.

महाडच्या स्टँडवर रिक्षांमध्ये गाणं वाजतंय, असा वरंधच्या मावसभावाचा व्हिडिओ आला. मग बाबांचा फोन आला.

"हळदीला डीजेनं लावलान तुझं गाणं."

"मग?"

"मग काय! पंगत बसलेली. ठेका सुरू झाला नि म्हातारी माणसं ताटावरनं उठली. उष्ट्या हातांनी हात जोडून उभी. पोरं नाचतायत, म्हातारे उभे, भात पानात. नवरीचा मामा इचारतो, वाढायला काय कमी पडलं काय?"

मला हसू आलं. बाबा हसले नाहीत.

"गावकी बसली रे. म्हणतात, ठेका बाजारात गेला, आता ढोल त्या घरात कशाला? रविवारी कौल लावणार हायत."

बाबांना दुसरं काही येत नाही असं नाही. शेती आहे, गवंडीकाम आहे. पण शिमग्याला ढोल गळ्यात घातल्यावरच ते ताठ उभे राहतात.

रविवारी आमचा एका कॉलेजात कार्यक्रम होता. स्टेजमागे मी फोन धरून बसलो. देवळाच्या दारातून चुलतबहीण व्हिडिओ दाखवत होती. गुरवानं देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर ढोल आमच्याकडे, डावी पडली तर गेला. गाऱ्हाणं घालून झालं. कळ्या हलेनात.

"पाच मिनिट," गायिकेनं खूण केली.

देवळात मागून कुणीतरी म्हणालं, "देव पण गाणं ऐकत बसला वाटतं."

"गप रे मेल्या!"

बाबा खांबाला टेकून उभे होते. मी काठ्या काखेत धरून फोन डोळ्यांजवळ नेला. मग बहिणीचा आवाज फाटला, "उजवी! दादा, उजवी पडली!" बाबा होते तिथेच खाली बसले.

"आणि माझं? मी वाजवू का?" मी ओरडून विचारलं.

गुरवानं मान वळवली. "देवाला एका बैठकीला एकच इचारायचं. तुझं तू इचार. हितं येऊन."

बाहेर पोरं त्याच गाण्यासाठी ओरडत होती. नाही म्हणावं तर ही माणसं, वाजवावं तर तो देव. मी बूट काढले, मोजे काढले. पेडल गार लागलं. मनात देवाचं नाव घेतलं, ठेका धरला आणि जोरात वाजवला.

शिमग्याला जाणार आहे. तिथे कळी कुठली पडेल, माहीत नाही. तोवर त्या गाण्याआधी मी बूट काढतो. गायिकेनं कधी कारण विचारलं नाही. पण हल्ली स्टेज लागलं की ड्रमच्या पेडलपाशी, माझे पाय येतात तिथली केबल ती स्वतः बाजूला करते, आणि तिथली जागा फडक्यानं पुसून ठेवते.