धुरपताबाईचा सडा

धुरपताबाई, तुमच्यावर लिहायला बसले आहे. पदर तोंडाला लावून हसू नका. तुम्ही जाऊन वर्ष झालं, हे लिहिलेलं तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, ठाऊक आहे मला. पण तुम्हाला नुसतं ‘बिचारी’ म्हणणाऱ्यांचा मला भारी कंटाळा आलाय. एकदा नीट सांगून टाकते.

गाव पाडणाऱ्या भूकंपानंतर दोन-तीन वर्षांनी धुरपताबाईला सरकारी फळबाग योजनेतून सीताफळाची रोपं मिळाली. शेतात लावायची, जगवायची; साहेब येऊन जिवंत झाडं बघणार, मग अनुदानाचा हप्ता. त्या हप्त्यावर लेक वर्षाराणी लातूरला शिकवणीला जायची होती.

शेताला पाणी नव्हतं. पाणी होतं पडक्या गावातल्या आडाला. माणसं नव्या वसाहतीत, नंबर टाकलेल्या एकसारख्या घरांत गेलेली. रोपांची पाटी डोक्यावर घेऊन ती आडाकडे निघाली, आणि जुन्या गल्लीनंच तिला पुढं नेलं. हे खाजामियाँचं दार. हे बसम्माचं. दगडांच्या मध्ये कुदळ टाकली तर माती लोण्यासारखी. पिढ्यान्‌पिढ्या सडा घातलेली माती ती! तिनं शेजाऱ्यांच्या दारादारात एकेक रोप लावलं.

मग रोज पहाटे घागर घेऊन यायची, ओंजळीनं पाणी शिंपत जायची, सडा टाकावा तशी. धुकं असलं की भिंती पुन्हा उभ्या राहिल्यासारख्या वाटत. आत कुणीतरी खोकायचं, बांगड्या वाजायच्या. ढिगाऱ्याखाली गेलेली बसम्मा चुलीवर कानडीत खेकसायची.

“उठ की गं, उन्हं आली,” धुरपताबाई म्हणायची आणि पुढच्या दाराकडे वळायची.

रोपं गुडघ्याएवढी झाली तेव्हा कृषी खात्याचे महादेवप्पा आले. शेतात नुसती ज्वारी.

“आक्का, झाडं कुठं हायत?”

ती त्यांना पडक्या गावात घेऊन गेली. ते टोपी काढून उभेच राहिले.

“जित्ती हायत का न्हाई? मोजा.”

“हायत की, लई झक्कास हायत. पण बसम्माच्या दारातलं झाड तुमच्या शेतात कसं दाखवू? उपटा, शेतात लावा. पुढच्या आठवड्यात येतो. आज मी काय बघितलंच न्हाई.”

माणूस भला होता. दुसऱ्या दिवशी धुरपताबाई कुदळ घेऊन गेली, वर्षाराणी सोबत. बसम्माच्या झाडाला तांबूस पालवी फुटली होती. तिनं कुदळ उचलली आणि तशीच खाली ठेवली.

“दारातलं झाड उपटायचं तर घरच्याला इचारावं लागतं. इथं कुणाला इचारू?”

“मग माझी शिकवणी?”

“मी हाय की.”

हप्ता गेला. मायलेकी लातूरला गेल्या. शिकवणीच्या पोरांच्या मेसमध्ये धुरपताबाईनं दोन वर्षं पोळ्या लाटल्या, मग ती गावी परतली. तोवर पडक्या गावात घागर कोण न्यायचं? वसाहतीतल्या बायका न्यायच्या, आळीपाळीनं, कुणी न सांगता. वर्षाराणी आज इस्लापूरला नर्स आहे.

झाडांना फळं धरली तेव्हा माणसं आली. गाव सोडून गेलेले खाजामियाँ तर मुखेडहून एस.टी.नं आले. ज्यानं त्यानं आपापल्या दारातलंच फळ तोडलं.

एक दार रिकामं होतं, तिचं स्वतःचं. मालक, तिचा नवरा, तिथंच ढिगाऱ्याखाली गेले होते.

“ताई,” एकदा मी भेटायला आले तेव्हा तुम्ही मला म्हणालात, “विष्णुपुरीच्या रोपवाटिकेवरनं येताना माझ्या दाराला एक रोप आणा. सीताफळ नको.”

“मग कोणतं?”

“थांबा की जरा. इचार करायलेय.”

दर खेपेला मी विचारायची, दर खेपेला हेच उत्तर. कोणतं ते तुम्ही सांगितलं नाहीत, आणि रोप आणायचं राहिलं.