बाई, इंग्रजीच राहू द्या

"मराठीत नको, बाई. विंग्रजीच ऱ्हाऊ द्या," मारुतराव म्हणाले आणि माझे कागद घडी घालून त्यांनी मलाच परत दिले.

भाषांतर चुकलं, उशिरा आलं, अशी बोलणी मी धंद्यात भरपूर खाल्ली होती. भाषांतर झालं म्हणून तक्रार करणारा हा पहिलाच माणूस. मारुतराव कवठे महांकाळकडचे, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त, आता द्राक्षबाग बघायचे. त्यांच्या पत्नीचं, शालनताईंचं, सांगलीच्या एका दवाखान्यात स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना मात्र "साधी गाठ होती, काढली" एवढंच सांगितलेलं. शालनताई सातवी शिकलेल्या होत्या. कागद मराठीत आला की त्या वाचणार, हीच मारुतरावांची भीती.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्यात राहून औषधांची माहितीपत्रकं मराठीत करत असे. या दवाखान्याच्या कुलकर्णी डॉक्टरांनी मला एका तपासणीचं माहितीपत्रक दिलं होतं. काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून मुंबईला पाठवायचा, तिथे त्याची तपासणी व्हायची. आज असल्या तपासण्यांना बायोमार्कर टेस्ट म्हणतात. आम्ही तेव्हा नुसतं 'रिसेप्टर टेस्ट' म्हणायचो.

रिसेप्टरला परिभाषेच्या पुस्तकात मला 'ग्राही' हा शब्द सापडला. मी खूश. 'स्त्रीसंप्रेरक-ग्राही चाचणी' असं झोकात लिहून मी सांगलीची एसटी पकडली. डॉक्टरांनी ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "मॅडम, हे पूजेत म्हणायचं आहे का?"

राग आला. पण खरं सांगायचं तर त्या ग्राहीचं काम काय, हे मला तरी कुठे कळलं होतं? म्हटलं, आधी मला ती वस्तू दाखवा. त्यांनी मुंबईहून आलेली काचेची पट्टी मायक्रोस्कोपखाली ठेवली. निळसर पेशींची गर्दी दिसत होती आणि त्यातल्या पुष्कळ पेशी मधोमध तपकिरी होत्या. मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. तपकिरी म्हणजे तिथे रिसेप्टर आहे, डॉक्टर सांगू लागले. शरीरातलं हार्मोन तिथे येऊन बसतं आणि पेशी वाढत राहते. रोजची एक गोळी घेतली की ती आधी जाऊन ती जागा अडवते.

"म्हणजे एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसं?"

"अगदी तसं. पण रुमाल पाच वर्षं रोज टाकावा लागतो."

ती पट्टी शालनताईंच्याच गाठीची होती. गोळी त्यांना उपयोगी पडण्यासारखी आहे असं रिपोर्ट म्हणत होता, आणि त्यांनी ती तीन महिन्यांत बंद केली होती. म्हणून तर डॉक्टरांना माहितीपत्रकाची घाई. ग्राहीला हाकलून मी बाहेरच्या बाकावर बसून नवा मजकूर लिहिला, त्या दिवशी शालनताईंना तपासणीला घेऊन आलेल्या मारुतरावांना वाचायला दिला, आणि त्यांनी तो परत केला.

डॉक्टरही अडकले. कॅन्सर हा शब्द तेवढा काढता येईल का, म्हणाले. मी प्रयत्न केला. पण काढून टाकलेल्या साध्या गाठीसाठी पाच वर्षं गोळी कशाला? तो एक शब्द काढला की बाकी सगळं खोटं वाटू लागे. माझी खाडाखोड चालू असताना मारुतराव चहा आणायला गेले. तपासून बाहेर येऊन शेजारी बसलेल्या शालनताईंनी बाकावरचा, मारुतरावांनी परत केलेला कागद उचलला आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागल्या. कागद हिसकावून घेणं काही बरं दिसेना.

वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "क्यान्सर हाय त्ये मला ठावं हाय. ह्यांनी जेवान टाकलं त्या दिशीच कळलं."

"मग गोळ्या का बंद केल्यात?"

"मरनाऱ्या मानसाचं मन राखायला देत्यात, असं वाटलं."

घरातल्या सगळ्यांनी मिळून त्यांच्यापासून जे लपवलं होतं ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्यातली एकमेव बरी बातमी, गोळीचा उपयोग होईल ही, तेवढी पोचली नव्हती. मी तपकिरी पेशींपासून रुमालापर्यंत सगळं सांगितलं. त्या मन लावून ऐकत होत्या.

"म्हंजी आमी बागंतल्या पानांची देठं तपासायला देतो तसंच की," त्या म्हणाल्या. "कुटलं खत लागू पडंल त्ये कळतंय." मग कागदावर बोट ठेवून, "माजं लागू पडतंय व्हय?"

"लागू पडण्यासारखं आहे असं रिपोर्ट म्हणतो. खात्री डॉक्टरही देत नाहीत."

"खात्री बागंची तरी कुटं अस्ती?"

मारुतराव चहा घेऊन आले, बायकोच्या हातात कागद बघितला आणि माझ्यावर डोळे वटारले. शालनताई शांतपणे म्हणाल्या, "आवं, त्या गोळ्या फडताळात हायती, टाकू नगासा. आजपास्नं घेनार हाय." मारुतराव खाली बसले आणि भर दवाखान्यात रडले. मीही रडले, उगाच कशाला लपवू?

पुढे माहितीपत्रक छापलं गेलं. कॅन्सर हा शब्द पहिल्याच ओळीत ठेवला आणि तपासणी समजावून सांगताना देठांचं उदाहरण घातलं. शालनताईंनी पाच वर्षं गोळी चुकवली नाही. त्यानंतरही त्या तपासणीला स्वतः यायच्या आणि रिपोर्ट आधी आपल्या हातात मागायच्या, असं डॉक्टर सांगायचे.

रोगाचं नाव माणसाला न सांगताही कळतं. औषधाचं मात्र सांगावंच लागतं.