टेपवाले सर

आमच्या झोनमधल्या शाळांच्या स्पर्धा असल्या की घाटकोपरचे एक पीटीचे सर टेप घेऊन हजर. दुसऱ्याने मोजलेलं त्यांना पटायचंच नाही. लांब उडी तीन-तीनदा मोजायचे आणि वर म्हणायचे, "खात्री केलेली बरी ना!" माझं डोकं उठायचं.

त्या दिवशी सकाळी माझ्या मुलुंडच्या शाळेतल्या एका विद्यार्थिनीने शंभर मीटरचा झोनचा विक्रम मोडला. दुपारी सर तिची उडी चौथ्यांदा मोजायला वाकले, तसा मी तडकलो.

"मग तुम्ही आखलेला तो शंभर मीटरचा ट्रॅकही मोजा ना एकदा!"

त्यांनी खरंच मोजला. अठ्ठ्याण्णव भरला.

"दर वर्षी मीच आखतो, त्याच खुणांवर," म्हणत त्यांनी विक्रमांच्या वहीतला माझ्या विद्यार्थिनीचा विक्रम खोडला. मी कपाळावर हात मारला.

मग त्यांनी मागचं पान काढून जुना विक्रमही खोडला. तो त्यांच्या लेकीचा होता.