रुंद गळ्याचा ब्लाउज

बंगळूरला बसवनगुडीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या अक्का "छान दिसतंय" असं कधीच म्हणत नाहीत. मी स्वतःचे कपडे शिवायला लागले तेव्हापासून त्यांचा एकच हट्ट: नवं कापड कापण्याआधी त्यांच्या कपाटातले ब्लाउज घालून बघायचे, आणि ते घालून गच्चीवर धुणं वाळत टाकायचं. आमची मापं सारखीच. आरशावर मात्र त्यांचा भरवसा नाही. "आरशासमोर कोण पण ताठ उभं राहतं," म्हणतात.

माझ्या गळ्याखाली भाजल्याचा जुना डाग आहे, म्हणून मी कायम बंद कॉलरचेच शर्ट शिवायचे. परवा अक्कांनी रुंद गळ्याचा ब्लाउज हातात दिला. मी घुटमळले, पण घातला. दोरीवर चादर टाकत होते तेव्हा त्या समोर येऊन निरखायला लागल्या. आता डागाचं विचारणार, म्हणून मी मान खाली घातली.

"काखेत स्वल्प ओढतंय," त्या आपल्या कन्नडमिश्रित मराठीत म्हणाल्या. "गळा सरी आहे, बरोबर बसलाय. हाच काप."

धुणं वाळत टाकून झालं तरी मी तो ब्लाउज बदलला नाही. तसाच घालून कोपऱ्यावर दही आणायला गेले.