वडिलांनी कोंडलेला श्वास

माझ्या वडिलांचा आवाज असा, की ते मुलुंडला ओरडले तर भांडुपचे कावळे उडायचे. अडुसष्टच्या सुमारास ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना राग आवरायला प्राणायाम शिकवला आणि आमच्या घराची वाट लागली. ओरडणं साफ बंद! राग आला की ते पाटावर बसत, नाक चिमटीत धरत आणि श्वास कोंडून ठेवत. मग भिंतींसकट सगळं घर गप्प होई.

गणितात नापास झालो तेव्हा प्रगतिपुस्तक सहीसाठी त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते वाचलं आणि नाक धरलं. मी मनात आकडे मोजू लागलो. तीनशेपर्यंत पोचलो तरी श्वास सुटेना. भिंतीवरचं घड्याळसुद्धा थांबलं, शप्पथ!

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो, ओरडा ना एकदाचं! पोरगं पांढरं पडलंय."

त्यांनी सावकाश श्वास सोडला, सही केली आणि गोड हसून म्हणाले, "जा रे, खेळायला जा."

मी गेलो नाही. दारामागे उभा राहून त्या ओरड्याची वाट पाहत राहिलो. वडील जाऊन कैक वर्षं झाली. पण घरात फार शांत झालं की मी अजून आकडे मोजायला लागतो.