बैलांना ठाऊक नसलेली वाट

जून लागला की नांदेडच्या आमच्या खिडकीखालून शाळेच्या व्हॅन धावायला लागतात आणि मला ते दोन बैल आठवतात. पोरं नंतर आठवतात. याची थोडी लाजही वाटते, कारण त्या गावात मी नऊ वर्षं पोरांना शिकवलं, बैलांना नाही.

लोह्याकडचं गाव, चौथीपर्यंतची शाळा. पहिलीत येणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी बैलगाडीतून वाजतगाजत आणायचं, अशी तिथे रीतच पडली होती. पुढे चौथीचं लेझीम, मागे आम्ही, आणि शाळेच्या दारात प्रत्येकाला फूल, पुस्तकं, गरम शिरा. माझ्या वेळी यातलं काही नव्हतं. रेणापूरजवळच्या आमच्या खेड्यात आई मला सोडायला आली. मास्तरांनी डोक्यावरून हात घेऊन कान धरायला लावला, कान हाताला लागला म्हणून आत बसवलं, आणि आई तशीच खुरपणीला गेली. मी वळून पाहिलं तेव्हा दारात कोणी नव्हतं. म्हणूनच असेल, त्या मिरवणुकीचा मला पोरांपेक्षा जास्त सोस होता.

त्या वर्षी पहिलीत पाच जण होते. चार गावातले आणि एक पोरगी वस्तीतली. वस्ती म्हणजे ओढ्याकडची बौद्धांची घरं, लहानपणी आम्ही राहायचो तशीच. पोरीचे आईबाप कामाला बाहेरगावी, ती आजीपाशी राहायची. आदल्या दिवशी मी तिला स्वतः सांगून आले होते, "गाडी तुझ्या दारात येईल. तू उंबऱ्यावर बसून राहा."

गावात बैलजोडी एकच उरली होती, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची. बाकी सगळे ट्रॅक्टरवाले. म्हाताऱ्याला हौस दांडगी. त्याने पोळ्याची झूल काढली, शिंगांना बेगड लावली, गळ्यात घुंगरमाळा घातल्या. तिथेच घोळ झाला. बैलांना वाटलं, आज पोळाच आहे. पोळ्याला अख्खं गाव त्या एकाच जोडीला दारोदार पुरणपोळी चारायचं. घरी बैल नाही म्हणून कोणी सण थोडाच सोडतं. त्यामुळे लेझीम सुरू होताच बैल आधी मारुतीला गेले आणि मग एकेका दारापुढे ठाण मांडून उभे राहिले. काही मिळाल्याशिवाय हलेनात. बायका हसत बाहेर आल्या, कुणी भाकर घेऊन, कुणी गूळ घेऊन. बैलांबरोबर गाडीतल्या पोरांच्या हातावरही गूळ पडला. इतकी गोड मिरवणूक मी पुन्हा पाहिली नाही.

मग वस्तीचं वळण आलं आणि बैल वळेनात. म्हाताऱ्याने कासरा ओढला, चुचकारलं, शेपट्या पिरगाळल्या. पुन्हा त्यांचं तोंड गावाकडेच. पोळा कधी या वाटेने गेलाच नव्हता, मग बैलांना ती कुठून ठाऊक असणार? हे मला कळलं तसं म्हाताऱ्यालाही कळलं असावं, कारण तो माझ्याकडे बघेना.

हेडमास्तर घड्याळ बघत म्हणाले, "बाई, तालुक्याचे साहेब येऊन राहिलेत. पोरीला चालतच आणा. पन्नास पावलं तर हायत."

माझा राग नाकावरच असतो. "पन्नासच आहेत तर गाडीला का जड व्हावीत?" असं म्हणून मी तरातरा वस्तीत गेले. पोर उंबऱ्यावर बसली होती. नवा गणवेश, चापूनचोपून तेल, दोन घट्ट वेण्या. मी हात पुढे केला, तिने धरला नाही.

"गाडी दारात येणार म्हन्ल्या होत्या तुमी," ती म्हणाली.

मला तोंड लपवायला जागा राहिली नाही.

मागे लेझीम थांबलं होतं. वळून पाहते तर म्हाताऱ्याने बैल सोडून कडुलिंबाला बांधलेले, आणि जुवाला स्वतःचा खांदा लावलेला. "धरा की, मास्तर," तो म्हणाला. हेडमास्तरांनी घड्याळाचा नाद सोडला आणि दुसरी बाजू धरली. चौथीची पोरं मागून रेटायला लागली, गाडीतली चौघं खिदळायला लागली, आणि गाडी कुरकुरत तिच्या दारात आली. साहेब शाळेत ताटकळले असतील, ताटकळू देत. आजीने पोरीला उचलून गाडीत बसवलं आणि मी चारचौघांत खुशाल डोळे पुसले.

त्याच वर्षी पोळ्याला म्हातारा जोडी घेऊन वस्तीत गेला. आजी त्याला म्हणाली, "आमच्यात पोळा करत न्हाईत, दादा."

"नका करू. बैलांला वाट दावून ठिवतो."

"भाकर द्यायला कुठं सण लागतोय," असं म्हणून ती आत गेली. त्यानंतर शेतातून परतताना म्हातारा मुद्दाम ओढ्याकडून यायला लागला. लांब पडायचं, तरी यायचा.

पुढच्या जूनमध्ये पहिलीत आजीच्या शेजारचं पोर होतं. झूल, घुंगरं, लेझीम, सगळं तेच. वळण जवळ आलं तशी मी पुढे होऊन बैलांच्या बरोबरीने चालायला लागले. म्हाताऱ्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हातातला कासरा ढिला सोडला. बैल आपले आपण वळले आणि सरळ जाऊन आजीच्या दारात उभे राहिले, भाकरीची वाट बघत.