ओरडणारं रीळ

दुकानदारांना वैराग्य आणण्याचं सामर्थ्य या मुंबईत कुणाच्या अंगी असेल, तर ते आमच्या साडूंच्या. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहायला लालबागला, मूळचे मालवणकडचे. आधी गिरणीत फिटर आणि गिरणी बंद पडल्यावर कॉटन ग्रीनच्या एका गोदामात वजनकाट्यावर. आलेला माल दाबून, हुंगून, उलटापालटा करून मगच आत घ्यायचा, ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली की निवृत्त झाल्यावर अख्खं जग त्यांना गोदामाच्या दारात उभा राहिलेला टेम्पो वाटू लागलं. पंखा घ्यायला गेले, तेव्हा तो दुकानातच लावायला सांगून त्याच्याखाली पाऊण तास पेपर वाचत बसले. चपला घेताना त्या पायात घालून थेट परळच्या सिग्नलपर्यंत जाऊन आले. मागून दुकानदार धावत होता. परत आल्यावर त्यालाच म्हणाले, "धावताना तुमची किती वाजते बघा. ही वाजत नाही. हीच द्या." आणि या सगळ्या तपासण्यांना साक्षीदार म्हणून गिरगावातून मी. का, तर मी बँकेत होतो, आणि बँकेतला माणूस बरोबर असला की दुकानदार फसवत नाही, असा त्यांचा समज. मी जन्मभर बँकेत आवक-जावक टपाल सांभाळलं, हे त्यांना सांगून सांगून मी दमलो.

पण माझी खरी दमछाक केली ती मासेमारीच्या रॉडने. साडूंनी मोबाइलवर कुठल्याशा डोंगरातल्या नदीत गुडघाभर पाण्यात उभा असलेला एक माणूस पाहिला. त्याच्या हातातल्या लांब काठीची दोरी हवेत रिबिनीसारखी मागेपुढे जात होती. लहानपणी मालवणच्या खाडीत बांबूला गरी बांधून मासे धरलेले साडू त्या दिवसापासून खुळावले. "साडूभाऊ," त्यांनी आमच्या गच्चीवर मला समजावलं, "आमिष नाही, काही नाही. पिसांची खोटी माशी. तिला वजनच नाही, मग ती लांब जाणार कशी? म्हणून दोरीच जड करायची आणि रॉडने दोरी फेकायची!" एवढं बोलून त्यांनी जळमटं काढायच्या बांबूला माझ्या बायकोची लोकर बांधली आणि असा काही झटका दिला, की शेजारच्या वहिनींची वाळत घातलेली नऊवारी आमच्या टाकीवर आली. वहिनी आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. साडूंशी बोलल्या. ते त्यांना माशी करून दाखवत होते.

मग दीड वर्ष आम्ही बंदराकडच्या एका जुन्या दुकानात जात राहिलो. जाळी, गळ, शिशाची वजनं विकणारे तिथले चाचा आधी आम्हाला चहा विचारायचे, मग नुसते बसा म्हणायचे, शेवटी शेवटी तर बघायचेही नाहीत. साडूंचा अभ्यास मात्र पक्का. "रीळ म्हणजे नुसती दोरी गुंडाळायची भिंगरी. तिच्यावर पैसे उधळायचे नाहीत. रॉडवर घालायचे, आणि त्याहून जास्त दोरीवर." हे तत्त्व चाचांना इतक्यांदा ऐकावं लागलं, की ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला तेच सांगताना मी ऐकलं. साडू प्रत्येक रॉडचं टोक छताला टेकवून तो वाकवायचे. नंतर डोळे मिटून तो संथपणे मागेपुढे हलवायचे. एक कडक वाटायचा, दुसरा मुठीत बोलायचा नाही. एकदा चाचा हात जोडून म्हणाले, "काका, मछली पकडनी है या शादी करनी है?" साडू गंभीरपणे म्हणाले, "शादी एक घंटे में तय किया था, चाचा. ये सोचके करेगा."

ज्या दिवशी माझा संयम सुटला, त्या दिवशी माझे गुडघे दुखत होते आणि उकाडाही फार होता. एक चांगलं, बेताच्या किमतीचं रीळ साडूंनी पाचव्यांदा कानाशी नेलं आणि खाली ठेवलं. "ह्याचा आवाज बारीक आहे."

"आवाज?" मी ओरडलोच. "मासा धरायचाय की भजनाला बसायचंय? पुरे झालं हो! मला जमणार नाही पुन्हा यायला."

साडू वळले. दुकानाची पायरी उतरले आणि बाजूलाच उभ्या असलेल्या हातगाडीवर सरळ जाऊन आदळले. एवढी मोठी गाडी, भर दुपारी. मी धावलो. समोरच्या टपरीवर त्यांना बसवलं, चहा सांगितला. नडगी चोळत ते म्हणाले, "बाजूचं दिसत नाही आता. काचबिंदू. दोन वर्षं झाली डॉक्टरने सांगून. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपायची. तुमच्या ताईला एवढंच ठाऊक आहे, की थेंब घालतो."

मी चहाचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला.

"एकच घ्यायचाय, साडूभाऊ. पुढे दुसरा निवडायला जमेल की नाही, कोण जाणे. हाताला न बघता कळेल असा रॉड हवा. आणि मासा दोरी ओढायला लागला की कानाला कळेल असं रीळ. म्हणून वेळ लागतो. तुम्हाला त्रास झाला, माफ करा."

चहा तसाच टाकून मी त्यांचा हात धरला आणि पुन्हा दुकानात शिरलो. आयुष्यात पहिल्यांदा मी दुकानदाराशी अधिकाराने बोललो. "चाचा, सबसे ज्यादा आवाज करनेवाला रील दिखाओ."

चाचांनी माझ्याकडे, मग साडूंच्या नडगीकडे पाहिलं, शिडी लावली आणि माळ्यावरून एक धुळकट डबी काढली. "ये कोई नहीं लेता. बहुत चिल्लाता है." साडूंनी दोरी ओढली. टर्रर्र करून ते रीळ असं किंचाळलं, की रस्त्यावरचा माणूस थांबला. साडूंचा चेहरा उजळला. सगळ्यांत स्वस्त रीळ ते. खाऱ्या पाण्याने गंजेल, असं चाचांनी प्रामाणिकपणे सांगितलं. "गंजू दे. घरी जाऊन रोज धुवेन," साडू म्हणाले. रॉड त्यांनी टोकापासून मुठीपर्यंत वाकणारा, मऊ असा घेतला. नावाजलेले सगळे कडक, म्हणून हाही स्वस्तच पडला. दीड वर्षाचं काम दहा मिनिटांत झालं. चाचांनी पुन्हा चहा विचारला. ताईला त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. साडूंनी सांगितलं, मी नुसता शेजारी बसलो.

आता भरती सकाळची असेल त्या रविवारी आम्ही शिवडीला पाण्याच्या कडेला जातो. डोंगरातली नदी राहूनच गेली. माझे गुडघे अजून दुखतात आणि कंटाळाही तेवढाच येतो. आजवर रीळ एकदाच खरोखर किंचाळलं. साडू "लागला! लागला!" म्हणून नाचले, आणि मासा माशी घेऊन पसार झाला. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. ते घरी जाईपर्यंत त्या माशाच्या ताकदीबद्दल बोलत होते.

माशीच्या गळाच्या नेढ्यातून बारीक दोरा ओवायचं काम गेल्या हिवाळ्यापर्यंत ते स्वतः करायचे. आता मी करतो. मी गाठ मारून माशी त्यांच्या हातात देतो. ते पाण्याकडे तोंड करून ती दोन बोटांत हळूच ओढून बघतात आणि म्हणतात, "ढिली आसा, साडूभाऊ. परत मारा."

मी चष्मा पुसतो आणि परत मारतो.